डोमेन-नाम : वाढत्या लघुव्यवसायासाठी निवड

आंतरजालावर एखाद्या व्यवसायाचे संकेतस्थळ आणि ई-पत्रव्यवहार ज्या अक्षरी पत्त्याने ओळखला जातो, त्यास डोमेन-नाम म्हणतात. यंत्रांना कळणारे अंकी पत्ते मनुष्याच्या स्मरणात टिकत नाहीत, म्हणून नाव आणि अंक यांची सांगड घालणारी जी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये योजिली, तिच्यातून ही नावे निर्माण झाली. रोमन लिपीतील नावात अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढीच चिन्हे चालतात आणि प्रत्येक घटकाची मर्यादा ६३ चिन्हांची असते. परंतु दुकानदाराची खरी अडचण लांबीची नसून उच्चाराची आहे.

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकालगतच्या पडाव भागात तीळ-गुळाची गजक विकणारे एखादे दुकान डोळ्यांपुढे आणावे. थंडीच्या दिवसांत गाडी पकडण्याच्या घाईत गिऱ्हाईक दोन डबे उचलते, ते पुण्यास किंवा नागपुरास घरी फुटतात, आणि चव जिभेवर राहिलेला कोणी नातलग दूरध्वनीवर विचारतो की हे मागवावयाचे कोठून. त्या क्षणी जे नाव सांगितले जाते ते ऐकून जसेच्या तसे टंकित करता आले पाहिजे. ‘गजक’ रोमन लिपीत कोणी ‘जे’ने लिहितो, कोणी ‘झेड’ने, ‘पडाव’च्या शेवटी कोणास ‘व्ही’ सुचते, कोणास ‘ओ’, कोणास ‘डब्ल्यू’. हे दोन्ही शब्द जोडून केलेले नाव फलकावर शोभिवंत दिसेल, पण ऐकणाऱ्यास त्याचे निदान सहा पाठ संभवतात आणि त्यांपैकी पाच त्यास परक्या दारी नेतात. म्हणून नाव निश्चित करण्यापूर्वी ते शेजाऱ्यास केवळ तोंडी सांगून लिहावयास लावावे. या परीक्षेइतकी खात्रीची दुसरी कसोटी प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा विभाग २०१४ मध्ये खुला झाला, तेव्हा हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. परंतु ग्वाल्हेरात तो निराळ्या रूपाने उभा राहतो, कारण मराठी घरात जे ‘ग्वाल्हेर’ तेच बाजारातल्या फलकावर ‘ग्वालियर’, आणि लिपी एक असूनही ही दोन नावे यंत्राच्या लेखी सर्वस्वी भिन्न ठरतात. शिवाय काही जुन्या टपालव्यवस्था असा पत्ता स्वीकारीत नाहीत. देवनागरी नाव अवश्य घ्यावे, आपल्या भाषेची ती हक्काची जागा आहे. मात्र ते रोमन नावाच्या जोडीने असावे.

नावात स्थळ वा माल गोवावा की नाही, हा याहून नाजूक प्रश्न होय. एकदा पडलेले नाव कसे चिकटून राहते याचा दाखला ग्वाल्हेरातच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तेथील किल्ल्याच्या दक्षिणेस लष्कराचा तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे व पेठा उभ्या राहिल्या, तरी त्या नव्या शहराचे नाव ‘लष्कर’च राहिले. दौलतेला ते परवडले; दुकानास परवडेलच असे नाही. गजकेबरोबर उद्या चिवडा विकावयाचा असेल, किंवा मुरारला दुसरी शाखा काढावयाची असेल, तर पडाव आणि गजक या दोहोंनी बांधलेले नाव आखूड झालेल्या अंगरख्यासारखे काचते. आणि ते बदलू जाता छापलेले डबे, पावत्या व गिऱ्हाइकांच्या स्मरणातील पत्ता हे सारेच बदलावे लागते. कुलनाम किंवा नवा घडविलेला सुटसुटीत शब्द अशा वेळी अधिक काळ पुरतो.

नावाचे साम्य ही केवळ गैरसोय नव्हे, तो दाव्याचा विषय आहे. एका स्वराच्या फरकाने ‘रेडिफ’शी मिळतेजुळते नाव घेणाऱ्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली, पुढे सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ या नावावरून उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन-नामास व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळते असा निर्वाळा दिला. तेव्हा नोंदणीपूर्वी व्यापारचिन्हांचे दप्तर धुंडाळणे अगत्याचे आहे. ‘डॉट इन’ची नोंदणी २००५ पासून सर्वांस खुली झाली आणि देशांतर्गत व्यापारास ती पुरेशी आहे, त्याच नावाचे ‘डॉट कॉम’ मोकळे असल्यास तेही घेऊन ठेवावे.

डोमेन-नाम विकत घेतले असे बोलण्याचा प्रघात असला, तरी वस्तुतः तो मुदतीचा पट्टा असतो. ‘डॉट कॉम’ची नोंदणी एका वेळी फार तर दहा वर्षांची होते, आणि मुदतीत नूतनीकरण न होता नाव रद्द झाल्यास ते जादा आकार भरून सोडविण्यास तीस दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर ते कोणाच्याही हाती जाऊ शकते. पट्टा कोणाच्या नावे आहे हे म्हणूनच पाहावे. संकेतस्थळ बांधून देणारा कारागीर पुष्कळदा सोयीखातर स्वतःच्याच नावे नोंद करतो, आणि मालकास हे वितुष्ट आल्यावर उमगते. खातेदार म्हणून मालकाचेच नाव लिहवून घ्यावे आणि परवलीचा शब्द त्याच्याच हाती असावा. संपर्काचा पत्ता मात्र त्याच डोमेनावरील टपालपेटीचा देऊ नये. कारण नाव बंद पडताच ती पेटीही बंद पडते, आणि मुदत सरल्याची सूचना ज्यास मिळावयाची त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.