पिवळे वॉलफ्लॉवर : कडाक्याची थंडी सोसते, साचलेले पाणी नाही

तुर्कस्तानच्या उंच डोंगरांवर, खडकांच्या भेगांत एक बुटकी वनस्पती वाढते. उंची जेमतेम वीतभर. पण बहर आला की पाने झाकली जातील इतकी पिवळीधमक, सुवासिक फुले येतात. तिचे शास्त्रीय नाव एरिसिमम कॉचियानम. ऑस्ट्रियाचे वनस्पतिसंशोधक थिओडोर कॉची (१८१३–१८६६) यांच्यावरून ते पडले.

नाव ‘वॉलफ्लॉवर’ का?

याच प्रजातीतील एरिसिमम चेइरी ही जाती युरोपात जुन्या भिंती आणि पडक्या किल्ल्यांवर उगवते. त्यावरून सगळ्या प्रजातीलाच हे नाव मिळाले.

मोहरीशी नाते काय?

दोन्ही एकाच कुलातील. म्हणूनच मोहरीसारख्या चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर इथेही दिसतात. मात्र ही भाजी नव्हे. एरिसिमम प्रजातीतील वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. पाने कुरतडणाऱ्या किड्यांपासून ती झाडाचा बचाव करतात.

डोंगरावर ती टिकते कशी?

जमिनीलगत गादीसारखी पसरल्यामुळे वाऱ्याचा मारा कमी बसतो. मुळे भेगांत खोल उतरतात आणि पावसाचे किंवा वितळलेल्या बर्फाचे पाणी दगडांतून लगेच निघून जाते.

रॉक गार्डनमध्ये कशी लावतात?

रॉक गार्डन म्हटले की आपल्याला चंदीगडची शिल्पबाग आठवते. इथे अर्थ वेगळा आहे : डोंगरी रोपांसाठी दगड आणि खडी रचून केलेला उतार. या रोपाला भरपूर ऊन आणि हलकी, खडीमिश्रित माती लागते. बुंध्याभोवती बारीक खडी पसरतात, म्हणजे तिथे ओल राहत नाही. खत भरपूर घातले तर रोप लुसलुशीत वाढते आणि लवकर मरते. बागेत त्याचे आयुष्य तसेही थोडे असते. म्हणून उन्हाळ्यात कोवळ्या फांद्यांच्या छाट कलमांपासून नवी रोपे करून ठेवतात.

आपल्याकडे जगेल का?

बर्फ सोसणाऱ्या या रोपाचा खरा शत्रू म्हणजे मुळाशी साचणारे पाणी. त्यात उबदार, दमट हवेची भर पडली की ते कुजते. त्यामुळे कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात उघड्यावर ते तगणे अवघड. फोटो पाहून बी मागवण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.