खाम: नहरीपासून लोखंडी पुलापर्यंत

खाम नदी छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडील जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, हर्सूलमार्गे शहरात येते आणि पुढे गोदावरीला मिळते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने हेच शहर वसवले ते याच नदीकाठी. पुढच्या काही वर्षांत त्याने हर्सूलच्या बाजूचे भूगर्भातले पाणी नहरीने शहरात आणले, तीच नहर-ए-अंबरी.

जमिनीखालून येणाऱ्या या पाण्यात ना पालापाचोळा पडे, ना जनावर उतरे. वाटेत ठरावीक अंतरावर उभे चौकोनी बांधीव मनोरे होते. लोक त्यांना बंबे म्हणतात. खापरी नळातले पाणी बंब्यात वर चढे, कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाणी दुसऱ्या बाजूने उतरून पुढे जाई. ना मोट, ना रहाट. सारे काम उताराचे. पाणी मुळातच घाण होऊ न देणे हा या बांधणीतला खरा शहाणपणा होता.

अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. तिथे डोंगरातून आलेले पाणी उंच भिंतीवरून पडद्यासारखे हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि यात्रेकरू-फकिरांसाठी धान्य दळले जाई. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन गार राहते. भिंतीपलीकडून खाम वाहते.

धरणाचे पाणी आले आणि शहराचे नदीशी असलेले हे नाते तुटले. पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण १९७६ मध्ये झाले आणि नाथसागराचे, म्हणजे या धरणाच्या जलाशयाचे, पाणी शहराच्या नळांना येऊ लागले. नळाचे पाणी दुरून येऊ लागल्यावर जवळच्या नदीकडे बघण्याची गरज कोणालाच उरली नाही. नहरींवर घरे आणि रस्ते चढले, बंबे पडले. खाममध्ये सांडपाणी आणि कचरा जाऊ लागला. वाळूजच्या बाजूला कारखान्यांच्या सांडपाण्याची भर पडली. पण ही घाण शहराबाहेर जाऊन संपत नाही. खाम गोदावरीला मिळते ती पैठणच्या वरच्या अंगाला, म्हणजे तिचे पाणी शेवटी नाथसागरातच उतरते. शहर जे नदीत सोडते, तेच त्याच्या पिण्याच्या साठ्याकडे जाते.

२०२१ मध्ये महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक उद्योगसमूह यांनी एकत्र येऊन खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. सुरुवात अगदी साधी होती: पात्रातला कचरा आणि गाळ काढणे, नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लावणे, काठाला दगडी पिचिंग करणे, देशी झाडे लावणे. श्रमदानाला विद्यार्थी आणि नागरिक येऊ लागले. लोखंडी पुलाजवळ जिथे कचऱ्याचे ढीग होते, तिथे लोकांना बसण्या-फिरण्याची जागा झाली. हे काम पुढे वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या २०२३-२४ च्या शहरांसाठीच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचले. या मोहिमेचे सर्वांत मोठे यश मात्र काठावरच दिसते: ज्या नदीला लोक नाला म्हणत, तिला ते पुन्हा नदी म्हणू लागले.

काठ साफ झाला तरी सांडपाणी प्रक्रियेविना पात्रात उतरते तोवर पाणी स्वच्छ होत नाही. शिवाय पावसाळ्याचा पहिला लोंढा नाल्यांतले प्लास्टिक घेऊन उतरतो, आणि नाल्यांवरच्या जाळ्या दरवर्षी नव्याने उपसाव्या लागतात.