दाढीवाल्या सम्राटाची नाणी

चौथ्या शतकातील रोमन नाणी ओळीने मांडली, तर चेहऱ्यांची एक कंटाळवाणी रांग दिसते. पहिला कॉन्स्टंटाइन, त्याचे मुलगे, पुतणे हे जवळजवळ सारे गुळगुळीत हनुवटीचे, मोठ्या डोळ्यांचे आणि एकमेकांसारखे. या रांगेत एकाएकी टोकदार दाढीचा एक चेहरा येतो. तो ज्युलियनचा. ख्रिस्ती घराण्यात वाढूनही जुन्या देवांकडे परतल्यामुळे इतिहासाने त्याला ‘धर्मत्यागी’ हे विशेषण कायमचे चिकटवले. त्याच्याविषयीचे पुष्कळसे लेखन विरोधकांनी केलेले आहे. नाणी मात्र त्याच्याच राजवटीत पडली. नाणेसंग्राहकांना या अल्पजीवी सम्राटाचे आकर्षण वाटते ते बरेचसे याचमुळे.

ज्युलियन हा कॉन्स्टंटाइनच्या सावत्र भावाचा मुलगा. इ. स. ३३७ मध्ये झालेल्या कत्तलीत त्याचे वडील आणि अनेक आप्त मारले गेले. तो आणि त्याचा सावत्र भाऊ गॅलस तेवढे वाचले. पुढे चुलतभाऊ सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस याने गॅलसलाही ३५४ मध्ये देहदंड दिला आणि दुसऱ्याच वर्षी ग्रंथांत रमलेल्या ज्युलियनला ‘सीझर’, म्हणजे दुय्यम सम्राट, करून गॉलमध्ये पाठवले. पुस्तकी तरुण रणांगणावर टिकणार नाही, असा अनेकांचा कयास होता. पण ३५७ मध्ये स्ट्रासबुर्गजवळ त्याने अलामान्नी टोळ्यांचा पराभव केला आणि ३६० मध्ये पॅरिस येथे सैन्याने त्याला ‘ऑगस्टस’ म्हणजे पूर्ण सम्राट घोषित केले. यादवी अटळ दिसत असतानाच नोव्हेंबर ३६१ मध्ये कॉन्स्टँटियस आजाराने मरण पावला. त्यानंतर ज्युलियनला जेमतेम वीस महिने मिळाले. जून ३६३ मध्ये इराणवरील स्वारीत भाल्याच्या जखमेने त्याचा अंत झाला. तेव्हा तो तिशी नुकताच ओलांडलेला होता.

हा सारा जीवनपट नाण्यांवर चेहऱ्याच्या आधारे वाचता येतो. सीझरपदाच्या काळातील छोट्या कांस्य नाण्यांवर ज्युलियन बिनदाढीचा आहे आणि त्याचे मस्तक उघडे आहे. मुकुटपट्टीचा मान ऑगस्टसचा. सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या या नाण्यांच्या मागील बाजूस हाती गोल आणि भाला घेतलेली उभी आकृती असून ‘स्पेस रेइपुब्लिके’, म्हणजे राज्याची आशा, असा लेख आहे. ३६० नंतर मुकुटपट्टी येते, तरी गॉलमधील पहिल्या काही नाण्यांवर चेहरा अजून गुळगुळीतच आहे. एकछत्री सत्ता हाती आल्यावर दाढी उगवते. ती तत्त्वज्ञाची दाढी होती. अँटिऑकच्या नागरिकांनी तिची टवाळी केली, तेव्हा सम्राटाने त्यांना शिक्षा करण्याऐवजी ‘मिसोपोगोन’, म्हणजे ‘दाढीद्वेष्टा’, नावाचे उपरोधिक पुस्तक लिहून उत्तर दिले. राज्यकर्त्याने टवाळीला निबंधाने उत्तर देण्याची उदाहरणे फार नाहीत.

दाढीच्या बरोबरीने आला तो बैल. ज्युलियनच्या नाण्यांत सर्वाधिक मागणी असलेले हे मोठे कांस्य नाणे आठ-नऊ ग्रॅम वजनाचे आणि अडीच सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे असते. मागील बाजूस उजवीकडे तोंड करून उभा असलेला भरदार बैल, वर दोन तारे, आणि ‘सेक्युरितास रेइपुब’, म्हणजे राज्याची सुरक्षितता, हे शब्द. आर्लच्या टांकसाळीने बैलापुढे पुष्पचक्रासह एक गरुडही उभा केला. बैल कशाचा, याबद्दल मात्र एकमत नाही. कोणी त्यात इजिप्तचा पवित्र वृषभ एपिस पाहतो, कोणी मिथ्र देवाने मारलेला बैल, कोणी वृषभ रास, तर कोणी कळपाचे रक्षण करणारा नायक, म्हणजे खुद्द राजा. अँटिऑकच्या लोकांना एवढ्या खोलात जाण्याचे कारण नव्हते. बळी देण्याच्या सम्राटाच्या हौसेला ते कंटाळले होते, शहरात धान्याची टंचाई होती, आणि या राजाने नाण्यावरच्या बैलाप्रमाणे जग उलथून टाकले, असे ते म्हणत, अशी नोंद पाचव्या शतकातील चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ सॉक्रेटिस नव्हे) याने केली आहे. चलनी नाण्यावरील चित्राबद्दल सामान्य माणूस काय बोलत होता, याची नोंद प्राचीन जगात क्वचितच सापडते.

याउलट एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. बंद पडलेली देवळे उघडणाऱ्या या सम्राटाच्या नेहमीच्या चलनी नाण्यांवर एकाही जुन्या देवाचे नाव नाही. धर्माच्या बाबतीत आग्रही असलेला ज्युलियन चलनाच्या बाबतीत सावध होता, असे म्हणावे लागते. अपोलोचे नाव व चित्र असलेली अँटिऑकची छोटी कांस्य नाणी पूर्वी त्याचीच समजली जात. ती त्याच्या पन्नासेक वर्षे आधीची, मॅक्सिमिनस दाया या सम्राटाच्या काळातील असल्याचे आता मानले जाते. ‘धर्मत्यागी’ म्हटल्यावर देव असलेले नाणे त्याच्या खात्यावर टाकण्याचा मोह अभ्यासकांनाही आवरला नव्हता.

चांदीच्या नाण्यांना संग्राहक ‘सिलिक्वा’ म्हणतात. हे नाव आधुनिक सोयीचे आहे. ज्युलियन सीझर असतानाच्या काळात या नाण्याचे वजन सुमारे तीन ग्रॅमवरून दोन ग्रॅमवर आले. त्यावर चित्र नसते. पानांच्या चक्रात केवळ नवसाचा मजकूर असतो. राज्याच्या पाच वर्षांचे नवस फेडले, दहा वर्षांचे बोलले, असा त्याचा आशय. पुढील नाण्यांवर हेच आकडे दहा आणि वीस झाले. सीझरपद धरूनही ज्युलियनची कारकीर्द आठ वर्षांची भरली नाही.

नाणे कोठे पडले, हे मागील बाजूच्या तळाशी असलेल्या अक्षरांवरून कळते आणि नवखा संग्राहक येथेच फसतो. ‘कॉन’ ही अक्षरे पाहून तो कॉन्स्टँटिनोपल म्हणतो. पण आर्ल शहरालाही त्या काळी ‘कॉन्स्टंटिना’ हे नाव होते. अशा वेळी जे. पी. सी. केंट यांनी सिद्ध केलेला ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’चा आठवा खंड (१९८१) उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

सीझरकाळातील छोटी नाणी आजही मुबलक व स्वस्त आहेत. बैलाचे नाणे आणि चांदी महाग, म्हणून फसवणूकही तेथेच अधिक. अस्सल नाणे ठशांमध्ये घण मारून पाडलेले असते. ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेघ, पृष्ठावर बारीक खड्डे आणि अक्षरांना बोथटपणा दिसतो. नव्या ठशांनी पाडलेल्या नकला ओळखणे याहून अवघड. तिसरा प्रकार अधिक धूर्त आहे. नाणे अस्सल असते, पण झिजलेल्या बैलाचे केस आणि सम्राटाची दाढी अलीकडे कोरणीने उठवलेली असते. कांस्यावरचा घट्ट हिरवा थर खरवडू नये. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर मात्र तो रोग समजावा आणि नाणे इतरांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून निघणारी द्रव्ये धातू खातात.

नाण्याचे खरेपण ठरले, तरी ते कोणत्या जमिनीतून आले, हा प्रश्न उरतोच. १९९२ मध्ये इंग्लंडमधील हॉक्स्न येथे शेतात हरवलेला हातोडा धातुशोधकाने शोधताना एका गृहस्थाला नाणी लागली. त्याने खोदणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना १४,८६५ नाणी जागच्या जागी मिळाली. त्यांपैकी १४,२७२ चांदीची होती. ज्या लाकडी पेटीत हा ठेवा पुरला होता, तिच्या खुणाही हाती आल्या. ज्युलियनसह अनेक सम्राटांच्या सिलिक्वांच्या कडा कातरलेल्या होत्या, आणि कातरणाऱ्यांनी सम्राटाचा चेहरा बहुधा शाबूत ठेवला होता. ब्रिटनमधील रोमन सत्तेच्या अखेरच्या दिवसांत चांदी कशी पुरवून वापरली जात होती, हे त्यावरून समजले. हीच नाणी रातोरात उकरून एकेक करून बाजारात गेली असती, तर ती कातरलेली, म्हणून स्वस्त, एवढीच त्यांची ओळख राहिली असती. तो हातोडाही सापडला आणि ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये जपला गेला.

भारताचा या सम्राटाशी संबंध पुसटसा, पण खरा आहे. ज्युलियनच्या सैन्यात असलेला इतिहासकार अम्मिआनुस मार्सेलिनुस सांगतो, की त्याच्याकडे भारतीय लोकांचे वकील भेटी घेऊन आले होते. त्या संदर्भात तो सेरेन्दिवी, म्हणजे सिंहलद्वीपवासीयांचाही उल्लेख करतो. तमिळनाडू व श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकांतील झिजलेली रोमन कांस्य नाणी सापडतात. अशी नाणी जवळ असणाऱ्याने १९७२ चा पुरावस्तू कायदा माहीत करून घ्यावा. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, त्याच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

जुन्या संग्रहातून येणाऱ्या नाण्यासोबत पुष्कळदा पिवळी पडलेली एखादी चिठ्ठी असते. तिच्यावर कोठून, कोणाकडून, कोणत्या साली, एवढेच खरडलेले असते. नवे पाकीट करताना ती फेकून देणारे संग्राहक आजही आहेत. ती नाण्याबरोबरच ठेवावी. नाण्याचे हरवलेले गाव कधी सापडलेच, तर ते त्या चिठ्ठीवरूनच सापडेल.