टायमिंगची कुळकथा

अमरावतीत किंवा अकोल्यात पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना शर्यत झाल्यावर 'कितवा आला?' असं फारसं कोणी विचारत नाही. प्रश्न ठरलेला: 'टायमिंग किती आलं गा?' मोठ्या मॅरेथॉनमध्ये हजारो पळतात. नंबर दोन-चार जणांचे, बाकीच्यांच्या पदरात पडतं ते टायमिंग.

वऱ्हाडच्या व्यायामपरंपरेत हे नव्हतं. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकंही दाखवली. पण मल्लखांब तोलायचा नजरेनं, आणि कुस्ती पाठ टेकली की निकाली. सेकंदाला तिथं कोण विचारतो?

सेकंदांना भाव आला तो पुण्यात. १९१९-२० च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावली. त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास जातात, हे अध्यक्ष दोराबजी टाटांच्या लक्षात आलं आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं. आपल्या ऑलिंपिक संघांची सुरुवात अशी टायमिंगमधून झाली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी.

त्या संघातले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. हा आकडा वाचताना एक ध्यानात ठेवायचं: अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी, ही त्यांची सरासरी. त्याच चालीनं आजचं अंतर धरलं तर २ तास ४८ मिनिटं ३० सेकंदांच्या आसपास हिशेब येतो. शहरातल्या आजच्या हौशी पळणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो झेपायचा नाही.

मुळात अंतरच पक्कं नव्हतं. १८९६ साली अथेन्सला स्पिरिडॉन लुई २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत जिंकला, पण तो पळाला साधारण ४० किलोमीटर. १९०८ मध्ये लंडनला विंडसरच्या किल्ल्यापासून राजघराण्याच्या बैठकीसमोरपर्यंत जेवढं भरलं, तेवढं ४२.१९५ किलोमीटर अंतर १९२१ मध्ये नियमात बसलं. तोवर वेळांची तुलना म्हणजे प्रत्येक बाजारात वेगळ्या पायलीनं ज्वारी मोजण्यासारखं.

मग टायमिंग दाखल्यासारखं वापरात आलं. १९७० मध्ये बॉस्टन मॅरेथॉननं अट घातली की चार तासांच्या आत धावू शकणाऱ्यांनाच प्रवेश. दाखला आला की बनावट दाखलाही येतोच. १९८० मध्ये त्याच शर्यतीत रोझी रुईझ महिलांत पहिली आली. वेळ २:३१:५६. पुढं कळलं, बाई शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर शिरल्या होत्या. आठ दिवसांत किताब काढून घेतला. आज वाटेत जागोजागी वेळ नोंदवणारे जे मॅट अंथरलेले असतात, ते अशाच चोरवाटा बुजवण्यासाठी.

मॅटला ओळखू येते ती चिप, आणि चिपचं घराणं गोठ्यातलं! टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचं जे तंत्र गुरांच्या ओळखीसाठी वापरात होतं, तेच १९९० च्या दशकात हॉलंडमध्ये पळणाऱ्यांच्या बुटाला बांधलं गेलं. चिपला बॅटरी नसते. मॅटमधल्या अँटेनाच्या लहरी लागल्या की ती जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प. १९९६ च्या शंभराव्या बॉस्टनला ती वापरली गेली. तेव्हा लेसमध्ये ओवलेली चिप शेवटी परत द्यावी लागे. आता छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या, म्हणजे बिबच्या, पाठीमागं पातळ पट्टी चिकटवलेली असते. बिब दुमडायचा नाही, पट्टीतून पिन घालायची नाही, एवढंच पथ्य.

२००४ पासूनच्या मुंबई मॅरेथॉनसारख्या मोठ्या शर्यतीत चिपमुळं वेळ दोन तऱ्हेनं मोजता येते. गर्दीत मागं उभ्या असलेल्याला सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच काही मिनिटं लागतात. ती मिनिटं बंदुकीपासून मोजलेल्या 'गन टाइम'मध्ये धरतात, रेषेपासून मोजलेल्या 'नेट टाइम'मध्ये धरत नाहीत.

गावाकडं मात्र चिप भेटते ती पोलीस भरतीत. पुरुषांच्या १६०० मीटरला २० गुण. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर पैकीच्या पैकी, पुढं सेकंद वाढले की गुण उतरतात. पूर्वी स्टॉपवॉचवाल्याच्या अंगठ्यावर सगळी भिस्त असे, आणि निकाल लागला की कुरकुर ठरलेली. आता राज्यात बऱ्याच मैदानांवर चिप लावूनच पळवतात.

एवढं होऊनही मॅरेथॉनच्या निकालाची भानगड मिटलेली नाही. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमात अधिकृत वेळ म्हणजे बंदुकीपासूनचीच. बॉस्टन मात्र प्रवेशासाठी नेट टाइम चालवून घेतं.