दोन पाट्या आणि एक साप : फोनच्या पडद्यावरच्या चित्राची गोष्ट

आज आपण मोबाइल गेममधल्या चित्रांबद्दल बोलणार आहोत. ती पडद्यावर उमटतात कशी, आणि ही तंत्रं घडली कशी. सुरुवात मात्र करू या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावापासून. तिथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून अक्षरं गिरवू लागल्या. त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आमचं लक्ष जातं ते त्यांच्या हातातल्या पाटीकडे.

पाटीवरचं एक अक्षर पुसून दुसरं लिहिताना मध्ये क्षणभर पाटी कोरी दिसते. फोनच्या पडद्यावर असं झालं की चित्र लुकलुकतं. उपाय सोपा आहे : पाट्या दोन ठेवायच्या. एक लोकांसमोर, दुसरी पाठीमागे. मागच्या पाटीवर चित्र पुरं काढायचं आणि मगच अदलाबदल करायची. यालाच डबल बफरिंग म्हणतात. अट एवढीच की दुसऱ्या पाटीलाही मेमरी लागते.

आणि मेमरीचीच तर मारामार होती. १९९७ साली नोकिया ६११० वर तानेली आर्मांटो यांचा स्नेक आला, तेव्हा पडदा होता ८४ बाय ४८ ठिपक्यांचा. एकूण ४,०३२ ठिपके. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर कोरा. म्हणजे सगळं चित्र ५०४ बाइटमध्ये मावतं. आता विचार करा, साप एक पाऊल पुढे सरकला तर पडद्यावर नक्की बदलतं काय? पुढे डोक्याचा एक चौकोन काढायचा, मागे शेपटीचा एक पुसायचा. बस्स. मधल्या अंगाला हातही लावायचा नाही. साप कितीही लांब होऊ दे, काम तेवढंच. जेवढं बदललं तेवढंच रंगवा, हा धडा इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच गेमने शिकवला नाही असं आमचं मत आहे.

मग २००३ मध्ये नोकिया ११०० आला, ९६ बाय ६५ ठिपक्यांचा. टॉर्चवाला फोन म्हणून तो खेड्यापाड्यांत गेला. वीज तासन् तास जाण्याचे ते दिवस. एकदा चार्ज केला की टिकला पाहिजे. आणि एक गोष्ट आज आपण विसरलोय : तो काळा-करडा पडदा भर उन्हात उलट जास्त चांगला दिसायचा, कारण तो बाहेरचाच उजेड परतवायचा.

रंगीत पडदे आले आणि हिशेब बदलला. १२८ बाय १२८ चा पडदा, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एकाच चित्राला ३२ केबी. आणि सुरुवातीच्या बऱ्याच नोकिया फोनांवर अख्खा जावा गेम बसवायचा ६४ केबीत! मग लोकांनी फरशा बसवल्या. १६ बाय १६ चे तुकडे : गवत, पाणी, दगड. पडद्यावर अशा ६४ फरशा मावतात, आणि कुठे कुठली बसवायची याचे आकडे जेमतेम ६४ बाइटमध्ये राहतात. जावाच्या २००२ सालच्या एमआयडीपी २.० मध्ये हलणारी पात्रं आणि फरशा यांची सोय तयारच मिळू लागली.

खोलीचा भास कसा आणायचा? कसारा लोकल आसनगावहून आटगावकडे निघाली की खिडकीतून बघा. रुळाजवळचे खांब सुर्रकन मागे जातात, शेतं सावकाश जातात, माहुलीचे सुळके जागचे हलतच नाहीत जणू. गेममध्येही हेच करतात : जवळचा थर दर चौकटीला चार ठिपके, मधला दोन, डोंगर एक. फुकटात मिळणारा डोंगर, आणखी काय पाहिजे!

पण रंगांबरोबर एक नुकसानही झालं. पडद्यामागच्या दिव्यावर चालणारी चित्रं उन्हात फिकी पडतात. शहरात, ट्यूबलाइटखाली बसून निवडलेली हिरव्यावर हिरवी छटा खळ्यात उभ्या माणसाला दिसतच नाही. आम्हीही ही चूक केली आहे. तेव्हापासून चित्र आधी काळ्या-पांढऱ्यात बदलून बघतो. तिथे पात्र उठून दिसलं नाही तर रंग कितीही गोड असोत, उपयोग नाही.

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड यांच्या कामामुळे डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. पाड्यावरच्या मुलांच्या हाती टॅब्लेट आले. आता या गावाचं नावच छोट्या पडद्यावर लिहून बघा. इंग्रजी अक्षर सात-आठ ठिपक्यांच्या उंचीत भागतं. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर. जागा कमी पडली की ‘ष्ट’चा गोळा होतो. जुन्या जावा फोनांवर म्हणून कित्येकदा मराठी मजकूर अक्षरं म्हणून न पाठवता चित्र म्हणूनच पाठवावा लागे, आणि ६४ केबीतला मोठा वाटा तोच खाई. २०१७ च्या जिओफोनचा पडदा २४० बाय ३२० चा. जागा वाढली, तरी ओळी जवळजवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतोच.

आम्ही कुठलाही नवा फाँट घेतला की त्यात आधी तीन नावं लिहून बघतो : पष्टेपाडा, किन्हवली, शेंद्रूण. ती फोन हातभर लांब धरून, उन्हात उभं राहून वाचता आली, तरच पुढचं काम.