मोमजामा : एका इंग्रजी कोटाच्या गावातले अरब

उर्दूत मेणकापडाला ‘मोमजामा’ म्हणतात. मोम म्हणजे मेण आणि जामा म्हणजे वस्त्र. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. आपल्याकडे हा शब्द अंगावरच्या कपड्यापेक्षा तावीजमुळे अधिक ओळखीचा आहे. तावीजचा कागद घामाने, पाण्याने भिजू नये म्हणून तो आधी मोमजाम्यात गुंडाळायचा आणि मग कापडात किंवा चामड्यात शिवायचा, ही जुनी रीत. मराठी घरांत मेणकापड तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली असायचं. कल्पना साधी आहे. सुती कापडाला तेल किंवा मेण पाजलं की पाणी आत शिरत नाही.

याच कल्पनेवर शिवलेला एक कोट आज जगभर ‘अस्सल इंग्रजी’ म्हणून विकला जातो. गडद हिरवा रंग, कॉर्डरॉयची कॉलर, आत चौकड्यांचं अस्तर, मोठे खिसे. जाहिरातीत दगडी घर, ओलं गवत, शिकारी कुत्रा आणि राजघराण्यातलं कुणीतरी. तो पाहिला की वाटतं, हा गोऱ्या जमीनदारांचा पिढीजात पोशाख असावा. इतिहास मात्र वेगळं सांगतो. हा कोट मुळात बंदरातल्या कष्टकऱ्यांचा होता. आणि ज्या बंदरात तो नावारूपाला आला, त्याच बंदरात ब्रिटनमधली एक जुनी मुस्लिम वस्ती उभी राहिली. कोटाची गोष्ट सांगताना ही वस्ती सहसा गाळली जाते. म्हणून हा लेख.

शिडापासून कोटापर्यंत

मेणकापडाचा जन्म शिडाच्या जहाजांवर झाला. ओलं शीड वारा अधिक चांगलं धरतं, पण पाणी प्यायलेलं शीड जड होतं. म्हणून खलाशी शिडांना माशाचं तेल आणि चरबी चोळत. फाटलेल्या शिडाचे तुकडे फेकून न देता ते त्यांचे अंगरखे करत. पुढे माशाच्या तेलाच्या जागी जवसाचं तेल आलं. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावातल्या वेबस्टर घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेल पाजलेलं शिडाचं कापड बनवायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात जाड तागाऐवजी हलकं सुती कापड वापरात आलं, त्यात इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाला मोठा मान होता.

जवसाच्या तेलात दोन खोड्या होत्या. थंडीत ते कडक होऊन कापडाला चिरा पडत, आणि काळ गेला की ते पिवळं पडे. चित्रांतल्या कोळ्याच्या अंगावर जो पिवळा कोट दिसतो, त्याचा रंग या तेलाने दिलेला आहे. १९३०च्या दशकात ब्रिटिश गिरण्यांनी जवसाऐवजी पॅराफिन मेण वापरायला सुरुवात केली. कापड मऊ राहू लागलं, पिवळं पडेना आणि आज ओळखीचा असलेला गडद हिरवा रंग रुळला.

याच धंद्यात जॉन बार्बर नावाचा स्कॉटिश माणूस उतरला. १८९४मध्ये त्याने इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीच्या मुखाशी असलेल्या साऊथ शील्ड्स गावात दुकान टाकलं. गिऱ्हाईक होते खलाशी, कोळी आणि गोदी कामगार. टाइनच्या काठावरून कोळसा भरलेली जहाजं जगभर जात. तिथला वारा आणि पाऊस हाडांत शिरणारा. अशा गावात पाणी न झिरपणारा कोट ही चैन नव्हती, पोटापाण्याची वस्तू होती.

तेच गाव, तीच वर्षं

बार्बरचं दुकान उघडलं त्याच दशकात साऊथ शील्ड्समध्ये येमेनी खलाशी उतरू लागले होते. ते तिथे कसे पोहोचले, याचा धागा मुंबईपर्यंत येतो.

१८३९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने एडन बंदर ताब्यात घेतलं. त्यानंतर १९३२पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत होता. म्हणजे रत्नागिरी, पुणे आणि एडन यांचं सरकार एकच. १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि एडन हे आगबोटींचं कोळसा भरण्याचं मोठं ठाणं बनलं. येमेनच्या डोंगराळ भागातले शेतकरी कामाच्या शोधात तिथे उतरत आणि ब्रिटिश जहाजांवर चढत.

त्यांना काम मिळे ते जहाजाच्या पोटात. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा तो फायरमन. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर त्याला ‘आगवाला’ म्हणत. भट्टीपुढे चार-चार तास फावडं चालवायचं, राख ओढायची, पुन्हा फावडं. युरोपीय कामगार हे काम शक्यतो टाळत. अरबांना उष्णता सोसते, असं म्हणून ते त्यांच्या माथी मारलं जाई.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मेणकापडाचा कोट डेकवर काम करणाऱ्याचा होता. पाऊस, लाटा, वारा सोसायचा त्याला. खाली भट्टीशी उघड्या अंगाने घामाघूम झालेल्या माणसाला त्या कोटाचा काही उपयोग नव्हता. त्यामुळे ‘हा कोट येमेनी मुसलमानांचाही होता’ असं भाबडं विधान मी करणार नाही. मुद्दा वेगळा आहे. जहाज चालायचं ते खालच्या माणसाच्या फावड्यावर. वरच्या माणसाचा कोट मात्र टिकला, संग्रहालयात गेला, जाहिरातीत आला. खालच्या माणसाने असं काही घातलंच नव्हतं, जे पुढे वारसा म्हणून दुकानात टांगता येईल.

कोकणी वाचकांना हे परकं वाटू नये. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून भरले जात. त्यांत मुसलमान बरेच. सारंग आणि टंडेल ही त्यांच्यातल्या मुकादमांची पदं. खानसाम्याचं, वाढप्याचं काम गोवेकरांकडे. या सगळ्यांना ‘लष्कर’ म्हणत आणि गोऱ्या खलाशापेक्षा पगार बराच कमी देत. लंडनच्या थंडीत अपुऱ्या कपड्यांनी कुडकुडणाऱ्या लष्करांची दैना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ब्रिटिश पार्लमेंटच्या चौकशीपर्यंत गेली होती. आपल्या माणसांच्या अंगावर मेणकापड असायला हवं होतं तेव्हा ते नव्हतं, असा हा इतिहास आहे.

कागद दाखवा

साऊथ शील्ड्समध्ये येमेनींनी नदीकाठच्या भागात आपली बोर्डिंग हाउस उघडली. मुंबईत गोवेकर खलाशांचे ‘कूड’ असत, तसाच हा प्रकार. दोन जहाजांच्या मधल्या काळात झोपायला जागा, हलाल जेवण, नमाजाला खोली आणि हातात पैसे नसतील तर उधारी. बोर्डिंगचा मालक पुढच्या जहाजावर काम मिळवून देण्याची खटपटही करी. अनेकांनी स्थानिक मुलींशी लग्नं केली, मुलं त्याच गावच्या शाळांत गेली.

पहिल्या महायुद्धात माणसं हवी होती, तेव्हा या अरबांना मागणी होती. व्यापारी जहाजं पाणतीरांनी बुडत होती. स्फोट झाला तर भट्टीजवळच्या माणसाला वर यायला वेळ मिळत नसे. साऊथ शील्ड्समधून गेलेले पुष्कळ येमेनी परतले नाहीत. युद्ध संपलं, गोरे खलाशी घरी आले आणि वारं फिरलं. फेब्रुवारी १९१९मध्ये जहाजभरतीची कचेरी असलेल्या मिल डॅम भागात अरबांना काम नाकारण्यावरून दंगल झाली.

१९२५मध्ये सरकारने एक हुकूम काढला. गौरेतर खलाशाने आपण ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद दाखवायचा, नाहीतर परदेशी म्हणून पोलिसांत नोंद करायची. येमेनच्या खेड्यात जन्मलेल्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठून येणार? एडन शहरातला असला तर प्रजाजन, डोंगरापलीकडचा असला तर परका. वीस-वीस वर्षं ब्रिटिश जहाजांवर राबलेली, युद्धातून वाचलेली माणसं एका शिक्क्याने परदेशी ठरली. जन्माच्या दाखल्यावरून आपलेपण ठरवण्याची ही पद्धत वाचताना आजच्या वाचकाला फार लांबचं काही वाचतोय असं वाटणार नाही.

१९३०मध्ये मंदी आली. खलाशांची युनियन आणि जहाजमालक यांनी मिळून अरब आणि सोमाली खलाशांसाठी वेगळी पाळीची नोंदणी सुरू केली. गोऱ्यांना ही अट नव्हती. अरबांनी विरोध केला. २ ऑगस्ट १९३०ला मिल डॅमवर पोलिसांशी चकमक झाली. अनेकांना अटक झाली, शिक्षा झाल्या आणि शिक्षा भोगून झाल्यावर काहींना देशाबाहेर धाडण्यात आलं.

कोट वर चढला

त्याच काळात कोटाचा प्रवास उलट दिशेने चालू होता. बार्बरने १९०८मध्ये टपालाने माल पाठवण्यासाठी कॅटलॉग काढला आणि कोट बंदराबाहेर, शेतमळ्यांच्या मालकांपर्यंत पोहोचला. १९३६मध्ये मोटरसायकलस्वारांसाठी पोशाख निघाला. दुसऱ्या महायुद्धात ‘अर्सुला’ पाणबुडीच्या कप्तानाने त्याच पोशाखावरून आपल्या माणसांसाठी कपडे करून घेतले. १९७४मध्ये राणीच्या पतीची, १९८२मध्ये खुद्द राणीची राजमुद्रा मिळाली. ऐंशीच्या दशकात लंडनच्या धनिक तरुणांनी तो शहरात मिरवायला सुरुवात केली. गोदीतल्या माणसाचा कोट नव्वद वर्षांत सरदारांचा झाला.

माझ्या खुंटीवरचा कोट

असा एक कोट माझ्याकडेही आहे. इंग्लंडात आयुष्य काढलेल्या मामूंनी वापरून दिलेला. आपल्या हवेत तो जवळपास निरुपयोगी आहे, हे आधीच सांगतो. उन्हाळ्यात मेण पाघळतं, कापड चिकट होतं, धूळ धरतं. कोकणच्या पावसात घातला तर बाहेरून भिजत नाही, पण आतून घामाने भिजतो. महाबळेश्वरच्या ऑगस्टमध्ये किंवा थंडीतल्या पहाटे दुचाकीवर मात्र त्याच्यासारखा सोबती नाही.

तो सांभाळणं हे एक शास्त्र आहे. वॉशिंग मशीन, साबण, गरम पाणी, इस्त्री, ड्रायक्लीनिंग सगळं वर्ज्य. यातल्या कशानेही मेण निघून जातं आणि मग तो साधा सुती कोट उरतो. चिखल वाळू द्यायचा, ब्रशने झाडायचा, थंड पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं. वर्षातून एकदा मेण द्यायचं. मेणाची डबी गरम पाण्यात ठेवून पातळ करायची, कोट टेबलावर पसरायचा आणि फडक्याने चोळत जायचं. कोपर, खांदे, शिवणी आणि खिशांच्या कडा इथे कापड आधी कोरडं पडतं, तिथे जास्त लक्ष. अस्तराला आणि कॉलरला मेण लावायचं नाही. शेवटी केस वाळवायच्या यंत्राची ऊब दिली की मेण धाग्यांत मुरतं. रात्रभर इतर कपड्यांपासून लांब टांगायचा, नाहीतर शेजारच्या सदऱ्यावर डाग पडतात. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की बुरशी आलीच. वारा लागेल अशा जागी टांगणं हा एकच उपाय.

त्याला तेलकट वास येतो. कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे, शेजारच्या नमाजीला त्रास होऊ नये म्हणून. तोच नियम मी कोटाला लावतो. तो बाहेर चपलांच्या मांडणीपाशी राहतो.

खिसा फाटला तेव्हा मी तो हातानेच शिवला. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचे कपडे शिवत, चपला दुरुस्त करत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नवं घेण्याच्या काळात ती सुन्नत मागे पडली. हा कोट दुरुस्तीवरच जगतो, म्हणून मला आवडतो. कंपनीही जुने कोट परत घेऊन मेण देऊन, ठिगळ लावून धाडते. ठिगळ लपवायचं नसतं.

वारसा कुणाचा

तीसच्या दशकात शेख अब्दुल्ला अली अल-हकीमी यांनी साऊथ शील्ड्समध्ये झाविया सुरू केली आणि त्या वस्तीला धार्मिक शिस्त, शिक्षण दिलं. नदीकाठची जुनी बोर्डिंग हाउस पुढे पाडली गेली. पण माणसं गेली नाहीत. लेगेट भागात अल-अझहर मशीद उभी राहिली. जुलै १९७७मध्ये मुष्टियोद्धा मुहम्मद अली या गावात आला. स्थानिक मुलांच्या बॉक्सिंग क्लबला मदत व्हावी, हे निमित्त. त्याने पत्नीसह या मशिदीत येऊन आपल्या विवाहासाठी दुआ घेतली. खलाशांच्या नातवंडांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याला पाहिलं.

वारसा म्हटलं की आपण वस्तू पाहतो. कोट दिसतो, शिक्का दिसतो, साल दिसतं. पण त्या गावातून सुटलेलं प्रत्येक जहाज डेकवरच्या माणसाइतकंच भट्टीशी राबणाऱ्याच्या बळावर गेलं. बार्बरचा कारखाना आजही साऊथ शील्ड्समध्ये आहे आणि अल-अझहर मशीदही. गावचा इतिहास सांगणाऱ्याने दोन्ही पत्ते दिले पाहिजेत.