तळटीप : ‘दाबाचे गुणोत्तर’

* ‘दाबाचे गुणोत्तर’ : शिश्नातील दाबाला धमनीतल्या सरासरी रक्तदाबाने भागून येणारी संख्या. ते मोजण्यासाठी पांढऱ्या उंदराला भूल देऊन पोट उघडतात, प्रोस्टेट ग्रंथीच्या कडेने जाणारा अतिशय बारीक मज्जातंतू मोकळा करतात आणि इलेक्ट्रोडच्या आकड्यावर अलगद उचलून त्याला साधारण मिनिटभर विजेचे सौम्य स्पंद देतात. शिश्नाच्या सच्छिद्र ऊतीत सुई असते. हेपरिन मिसळलेल्या सलाइनची नळी तिला दाबमापकाशी जोडते. दुसरी नळी मानेतल्या धमनीत. ही दुसरी नोंद वगळली, तर पहिली फसवते : भूल जास्त झाली की रक्तदाब उतरतो आणि धडधाकट मज्जातंतूही निकामी भासतो. निव्वळ शिश्नदाब छापणाऱ्या निबंधावर म्हणूनच विसंबू नये. मज्जातंतूला वीज देण्याची ही कल्पना जुनीच : जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एकहार्ड यांनी १८६३ मध्ये कुत्र्याच्या ओटीपोटातील मज्जातंतूंना वीज देऊन ताठरता आणून दाखवली होती. आज या प्रयोगाची खरी गरज प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना आहे. गाठीबरोबर ग्रंथी काढताना नेमका हाच मज्जातंतू दुखावतो. भारतात असा प्रयोग करण्याआधी संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते.